परसबागेतील गादीवाफे: नाशिक जिल्ह्यात उंची, भराव आणि पाण्याचे गणित

नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याला गादीवाफा नवा नाही. कांद्याचे रोप टाकताना एक मीटर रुंद आणि १५ सेंमी उंच वाफे आपण दरवर्षी करतो. टोमॅटो आणि ढोबळी मिरची तर बेडशिवाय लावतच नाही. तरीही अनेक बागायतदारांच्या घरी मेथी-पालक आठवडे बाजारातून येतो आणि घरामागची जागा मोकळी, तुडवलेली पडून असते. तिथे परसबाग करायची म्हटली की शेतातलाच बेड अंगणात आणला जातो आणि तो दोन हंगामांत बसतो.

याचे कारण साधे आहे. शेतातला बेड नांगरलेल्या, जिवंत जमिनीवर एका पिकापुरता असतो. परसातला वाफा बैलगाडी, ट्रॅक्टर आणि माणसांच्या पायांनी घट्ट झालेल्या जागेवर बसतो, पाच-सहा वर्षे हलवायचा नसतो आणि त्यातून दर दोन-तीन दिवसांनी भाजी तोडायची असते. म्हणून त्याची उंची, भराव आणि कीडनियंत्रण यांचा विचार वेगळा करावा लागतो.

जागेचा मागचा इतिहास

वाफे आखण्याआधी त्या जागेवर गेल्या काही वर्षांत काय झाले, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. द्राक्ष आणि टोमॅटो पट्ट्यात फवारणीचे द्रावण बऱ्याचदा घराजवळच्या हौदाशी कालवले जाते, पंप तिथेच धुतले जातात आणि रिकाम्या बाटल्या तिथेच पडतात. अशी जागा परसबागेसाठी घेऊ नका. बोर्डो मिश्रणातील तांबे कुजून जात नाही, ते मातीत साठत राहते. त्याच कारणाने काढून टाकलेल्या जुन्या द्राक्षबागेची वरची माती भरावासाठी आणू नये, फुकट मिळाली तरी.

तणनाशकाचा धोका अधिक लवकर दिसतो. २,४-डीचा अंश असलेल्या मातीत टोमॅटो, घेवडा, वेलवर्गीय भाज्यांची पाने अरुंद, मुडपलेली, पंजासारखी होतात. द्राक्ष बागायतदारांना हे लक्षण ओळखीचे आहे. भरावाची माती किंवा शेणखत बाहेरून आणणार असाल तर आधी कुंडीत तपासा. तीन कुंड्यांत आणलेली माती-खत आणि तीन कुंड्यांत स्वतःच्या शेतातली चांगली माती घ्या, प्रत्येकीत चवळी किंवा घेवड्याचे चार-पाच दाणे टोबा आणि तीन आठवडे पाहा. तणनाशक असो, क्षार असोत की कच्चे शेणखत, दोष असला तर दोन्ही कुंड्यांतला फरक डोळ्यांना दिसतो. तीन आठवडे थांबणे जिवावर येते, पण दोन ब्रास खराब माती पुन्हा उपसून बाहेर टाकण्यापेक्षा ते परवडते.

ऊन

फळभाज्यांना दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवे. पालेभाज्या चार तासांवरही भागवतात. परसबागेची जागा बहुधा उन्हाळ्यात निवडली जाते आणि फसगत तिथेच होते. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे घराच्या उत्तरेकडची जागाही उन्हात दिसते. डिसेंबरअखेर मात्र दुपारी साडेबाराच्या सुमारासही दहा फुटी भिंतीची सावली उत्तरेला सुमारे साडेनऊ फूट पडते, आणि भाज्यांचा खरा हंगाम तोच असतो. म्हणून उत्तरेकडे भिंत किंवा घर जितके उंच, साधारण तितके अंतर सोडून वाफे घ्यावेत. मधल्या पट्ट्यात अळू, गवती चहा, पुदिना लावता येतो.

वाफे शक्यतो उत्तर-दक्षिण आखावेत. वेलांचा मांडव परसाच्या उत्तर टोकाला घ्यावा, म्हणजे त्याची सावली इतर वाफ्यांवर पडत नाही. शेवगा, पपई, कढीपत्ता, लिंबू ही झाडे वाफ्यात लावू नयेत. त्यांची मुळे दोन वर्षांत सगळा वाफा व्यापतात.

उंची किती?

एकच आराखडा घेऊन तो सगळ्या तालुक्यांत वाटणे ही परसबागांच्या कामात सर्रास होणारी गोष्ट आहे. कृषी सहायक आणि कृषी सखींनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण नाशिक जिल्ह्यात पश्चिमेचा पाऊस आणि पूर्वेचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इगतपुरीला वर्षाला ३००० मिमीच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. येवला, नांदगावकडे तो साधारण ५०० ते ६०० मिमी. गादीवाफा मुळात पाण्याचा निचरा करण्यासाठी असतो. जिथे पाणी साचतच नाही तिथे वाफा उंच केला तर आपण पैसे खर्चून माती वाळवतो, कारण उंच वाफ्याच्या बाजूंनाही ऊन-वारा लागतो.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भागांत ३० ते ४५ सेंमी उंची ठेवावी. जुलै-ऑगस्टमध्ये वांगी, मिरचीची मुळे पाण्यात राहिली तर मर आलीच. नाशिक, दिंडोरी, निफाडच्या काळ्या जमिनीत २० ते ३० सेंमी पुरते. येवला, नांदगाव, मालेगाव, चांदवड आणि सिन्नरच्या पूर्व भागात १० ते १५ सेंमीच्या वर जाऊ नये. त्याऐवजी वाफ्याखालची जमीन एक फूट खोल खणून भुसभुशीत करावी. तिथे उन्हाळी भाजीला तर सपाट वाफा किंवा सरीच बरी.

तालुक्यापेक्षा तुमच्या परसाची जमीन काय सांगते ते महत्त्वाचे. एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी अर्ध्या तासात गेले तर खाली मुरूम आहे, वाफा बुटका ठेवा. चार तासांनंतरही पाणी उभे असेल तर तालुका कोणताही असो, ३० सेंमीच्या खाली येऊ नका.

फरशीवर किंवा कोब्यावर वाफा करायचा असेल तर पालेभाज्यांना २० सेंमी आणि वांगी, टोमॅटो, भेंडीला निदान ४० सेंमी माती लागते, कारण मुळांना खाली जायला जागाच नसते.

रुंदी मात्र सगळीकडे सारखी. दोन्ही बाजूंनी हात पोहोचत असेल तर ४ फूट, भिंतीला लागून असेल तर २ फूट. वाफ्यात पाय पडता कामा नये, एवढाच यामागचा हेतू. घरात भाजी तोडणारी व्यक्ती उंचीने लहान असेल तर साडेतीन फूट ठेवा. दोन वाफ्यांत दीड फूट वाट हवी. बचत गटांच्या परसबागांत सात वाफ्यांचा गोल आराखडा बऱ्याच ठिकाणी दिसतो. दिसायला तो छान आहे आणि रोज एक भाजी हा हिशेब लक्षात राहतो. पण अरुंद परसात आणि ठिबक टाकायचे असेल तेव्हा लांबट चौकोनी वाफेच सोयीचे पडतात.

माती किती लागेल

१० फूट लांब, ४ फूट रुंद, १ फूट उंच वाफा म्हणजे ४० घनफूट. ब्रास म्हणजे १०० घनफूट. असे सहा वाफे केले तर २४० घनफूट भराव होतो. त्यात दोन भाग माती आणि एक भाग कुजलेले खत धरले तर माती १६० घनफूट. भराव पहिल्या पावसात साधारण पाचव्या हिश्श्याने बसतो, म्हणून दोन ब्रास माती मागवावी.

पूर्व भागातल्या बुटक्या वाफ्याला माती विकत घ्यावीच लागत नाही. दीड फुटी वाट चार इंच खणून ती माती शेजारच्या चार फुटी वाफ्यावर ओढली की वाफा दीड इंच चढतो, वाट चार इंच उतरते, म्हणजे साडेपाच इंचांचा गादीवाफा तयार होतो. वाटेचा चांगला मातीचा थर वाफ्यावर जातो आणि वाट पावसाचे पाणी धरून ठेवते. मुरूम लागला तर मात्र तो वाफ्यावर टाकू नये.

तळ्याचा किंवा धरणाचा गाळ आणणार असाल तर तो एकटा भरू नका. गाळ बारीक कणांचा असतो, वाळला की भेगाळतो आणि पावसात चिकटतो. एक भाग गाळ, एक भाग पोयटा किंवा हलकी माती आणि एक भाग खत हे मिश्रण चालते. काळ्या मातीत दोन-चार पाट्या वाळू मिसळून ती हलकी होत नाही. तिला सेंद्रिय खतच हवे.

शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरा. मुठीत दाबल्यावर भुगा व्हावा आणि वास मातीसारखा यावा. उकिरड्यातले अर्धवट कुजलेले खत वाफ्यात गेले की त्याबरोबर हुमणीच्या अळ्याही जातात आणि सप्टेंबरात मिरचीची रोपे बुडापासून उपटून येतात. खत चाळून पांढऱ्या, इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या वेचून काढाव्यात. १०० किलो खतात १ किलो ट्रायकोडर्मा मिसळून, ओलावा ठेवून सावलीत आठ-दहा दिवस झाकून ठेवल्यास मर रोगाला आळा बसतो. निंबोळी पेंड चौरस मीटरला १०० ग्रॅम पुरते.

वाफ्याच्या तळाला खडीचा थर टाकण्याची पद्धत आहे, ती सोडून द्यावी. बारीक मातीतून जाड खडीत पाणी सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भरल्याशिवाय ते खाली जात नाही आणि मुळांचा भाग उलट जास्त ओला राहतो. निचरा हवा असेल तर खालची घट्ट जमीन कुदळीने फोडा. उंच वाफा स्वस्तात भरायला तळाशी मक्याची कणसे, उसाचे पाचट, वाळका पाला टाकता येतो, पण त्यावर शेणाचा काला ओतावा. तसे न केल्यास कुजण्याच्या काळात पिकाला नत्र कमी पडून पाने पिवळी होतात. वाळवीच्या जागी हा प्रयोग करू नये.

आपल्या काळ्या जमिनी बहुतांशी विम्लधर्मी आणि चुनखडीयुक्त आहेत. चुलीतली राख परसबागेत टाकण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. कोकणातल्या आम्ल जमिनीत ती उपयोगी पडते, इथे तिने सामू आणखी चढतो. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तर ती लोहाची कमतरता समजावी. फेरस सल्फेट ५ ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल १ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात घेऊन संध्याकाळी फवारावे आणि वाफ्यात राख टाकणे बंद करावे.

कडा कशाच्या?

कडा केल्याच पाहिजेत असे नाही. फावड्याच्या पाठीने उतार देऊन थापटलेल्या मातीच्या बाजू २० सेंमीपर्यंत टिकतात. त्याहून उंच वाफ्याला काळा दगड, विटा, किंवा पेठ-त्र्यंबक भागात बांबूच्या चिपा वापराव्यात. विटा सिमेंटने पक्क्या जोडल्यास तळाला चार-चार फुटांवर पाणी जायला भोके ठेवा. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून जळालेले ऑईल फासतात, भाजीच्या वाफ्याला ते चालणार नाही. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचे तुकडेही वापरू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असते आणि तुटलेल्या कडेतून त्याचे तंतू सुटतात.

दगड-विटांच्या फटीत पावसाळ्यात गोगलगायी बसतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट वाफ्याशेजारी टाकावे आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात, साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकून माराव्यात. ते पाणी वाफ्यात ओतू नये.

कोंबड्यांचे काय करणार, हे आधी ठरवा. मोकळ्या माती-खताचा वाफा त्यांना उकरायला मिळालेले मैदान वाटते. जुने शेडनेट किंवा द्राक्षबागेतून निघालेली तार आणि बांबू यांचे चार फुटी कुंपण पहिल्याच दिवशी करावे.

पाणी

नाशिकच्या हवामानात भाजीच्या वाफ्याला हिवाळ्यात दिवसाला साधारण ३ ते ४ मिमी आणि कडक उन्हाळ्यात ६ ते ७ मिमी पाणी लागते. ४ बाय १० फुटी वाफा पावणेचार चौरस मीटरचा. म्हणजे हिवाळ्यात १२ ते १५ लिटर, उन्हाळ्यात २२ ते २६ लिटर. सहा वाफ्यांना मे महिन्यात रोज १५० लिटरच्या घरात पाणी हवे. टँकरवर असलेल्या गावात एवढे पाणी परसबागेला मिळणार नाही. तिथे मार्चनंतर दोनच वाफे चालू ठेवावेत आणि बाकीचे पाचटाने झाकून विश्रांती द्यावी.

२०० लिटरची टाकी तीन-चार फूट उंच ओट्यावर ठेवून प्रत्येक वाफ्यावर ३० सेंमी अंतराच्या ड्रिपर असलेल्या इनलाइन नळीच्या दोन ओळी टाकल्या की मोटारीशिवाय भागते. द्राक्षबागेतल्या जुन्या नळ्या वापरायच्या तर आधी क्षार धुऊन घ्या आणि टोके उघडून पाणी सोडा. वाफ्यावर दोन इंच पाचट किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन असेल तर पाण्याची पाळी लांबते.

डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेले पाणी सरळ वाफ्यात चालते. कपड्यांच्या साबणाचे पाणी नको. त्यातल्या सोडियममुळे आधीच चोपण होऊ पाहणारी माती आणखी घट्ट होते. न्हाणीच्या पाण्यावर केळी आणि अळू लावण्याची जुनी रीत अजूनही उत्तम आहे.

किती निघेल, काय लावावे

परसबागेने विकतची भाजी बंद होते, असे सांगितले जाते. हिशेब करून पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाच्या दिवसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. पाच माणसांना वर्षाला ७०० किलोच्या वर भाजी लागते. पालकाचे हेक्टरी उत्पादन १० ते १५ टन, म्हणजे चौरस मीटरला १ ते दीड किलो. सहा वाफ्यांचे क्षेत्र जेमतेम २२ चौरस मीटर. वर्षात तीन पिके चांगली साधली तर ७० ते १०० किलो माल निघतो. म्हणजे गरजेचा सातवा ते दहावा हिस्सा.

मग तो हिस्सा कोणत्या भाजीचा असावा हे ठरवले तर परसबाग सार्थकी लागते. कांदा, बटाटा, कोबी वाफ्यात लावून जागा अडवू नका. लवकर कोमेजणारी, कमी जागेत येणारी आणि बाजारातून आणताना फवारणीची धास्ती वाटणारी भाजी घरी हवी. म्हणजे पालक, मेथी, कोथिंबीर, शेपू, लाल माठ, तांदुळजा, चुका. मेथी-कोथिंबीर एकदम सगळ्या वाफ्यात पेरू नये. दर १२ ते १५ दिवसांनी तिसरा हिस्सा पेरला तर ताटात सलग राहते. धणे रगडून दोन भाग करावेत आणि रात्रभर भिजवून पेरावेत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा पालेभाज्यांचा मुख्य काळ. उन्हाळ्यात मेथी-पालकाचा हट्ट सोडून तांदुळजा, माठ, अंबाडी, गवार, चवळीवर यावे.

वेल वाफ्यात कडेला लावून मांडवावर चढवले तर जमीन अडत नाही आणि उत्पादनाचा वरचा हिशेबही पुढे सरकतो. जूनमध्ये दोडका, गिलके, कारले, दुधी यांचे दोन-दोन वेल एका घराला पुरतात. राहुरी कृषी विद्यापीठाचे दुधीचे सम्राट, दोडक्याचे फुले सुचेता, कारल्याचे हिरकणी हे वाण सरळ आहेत, त्यांचे बी घरी धरता येते. संकरित वाणाचे धरलेले बी पुढच्या वर्षी फसवते.

वाल-घेवड्याच्या गावठी बियांसाठी शेजारच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गाव जवळ आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक उभी केली. त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. वाल-घेवड्यात स्वपरागीकरण होत असल्याने बी शुद्ध ठेवणे सोपे असते. वेलाच्या मधल्या भागातल्या भरलेल्या, निरोगी शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात.

वांगी, मिरची, टोमॅटो एकाच कुळातली. एका वाफ्यात ती लागोपाठ घेऊ नयेत. टोमॅटोचे शेत घराला लागून असेल तर परसात टोमॅटो लावूच नये, असे माझे मत आहे. शेतातले पीक काढल्यानंतर पांढरी माशी आणि नागअळी परसातल्या चार झाडांवर तग धरतात आणि पुढच्या लागवडीवर परत जातात.

फवारणीचा पंप परसात नको

प्रत्येक कीडनाशकाच्या लेबलवर फवारणी ते तोडणी यातला प्रतीक्षा काळ दिलेला असतो. परसातली भाजी दर दोन-तीन दिवसांनी तोडली जाते, त्यामुळे अनेक दिवसांचा प्रतीक्षा काळ पाळणे इथे प्रत्यक्षात शक्य नसते. शेतातून उरलेले द्रावण "थोडे आहे, वाया कशाला घालवायचे" म्हणून वांग्यांवर मारले जाते आणि तीच वांगी दुसऱ्या दिवशी भरतासाठी तोडली जातात. शिवाय त्याच पंपाने कधी तरी तणनाशक मारलेले असते. परसासाठी दोन लिटरचा वेगळा हातपंप घ्या आणि तो शेतात नेऊ नका.

मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांसाठी ५ टक्के निंबोळी अर्क पुरेसा पडतो. ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, एक-दोन ग्रॅम साबण मिसळून त्याच दिवशी संध्याकाळी फवारावा. कारली-दोडक्यात फळमाशी येते, तिच्यासाठी मांडवाखाली क्यू ल्यूरचा सापळा फुले येण्याआधी टांगावा, किडकी फळे वेचून खोल पुरावीत. वांग्याचे शेंडे सुकलेले दिसले की अळीसह खुडून टाकावेत. सहा वाफ्यांवर हे हाताने होते.

निफाड परिसरात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान ५ अंशांच्या खाली उतरते. अशा रात्रींपूर्वी संध्याकाळी वाफ्यांना हलके पाणी द्यावे आणि वेल-मिरचीवर जुने शेडनेट किंवा साड्या टाकाव्यात, सकाळी ऊन आल्यावर काढाव्यात.

प्रत्येक पीक निघाल्यावर वाफा पुन्हा खणू नये. मुळे आत राहू द्यावीत, चौरस मीटरला २ ते ३ किलो कुजलेले खत वर पसरून खुरप्याने हलवावे आणि बसलेला भाग भरून घ्यावा. हे काम मेअखेरीस करून ठेवले तर मृगाच्या पावसात वेलांचे बी टोबायला वाफे तयार असतात.